चौदाशे रुपयांत मुंबई: प्रभात रस्त्यावरचा सात पदार्थांचा टेस्टिंग मेनू

पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, अलीकडेच सुरू झालेल्या एका लहान रेस्तराँने सध्या ‘मुंबई’ हा विषय घेऊन सात पदार्थांचा टेस्टिंग मेनू ठेवला आहे. शाकाहारी जेवणाचे माणशी १,२०० रुपये आणि सामिष जेवणाचे १,४०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्ष द्यावे लागतात ते १,२६० किंवा १,४७० रुपये. रोजच्या बाहेरच्या जेवणाच्या मानाने ही रक्कम कमी नाही. परंतु मुंबई-बंगळूरच्या नावाजलेल्या रेस्तराँमध्ये अशा जेवणासाठी माणशी काही हजार रुपये मोजावे लागतात हे लक्षात घेतले, तर मध्यमवर्गीय कुटुंबाला वाढदिवसासारख्या निमित्ताने झेपेल अशा बेताची ती नक्कीच आहे. रेस्तराँ नवे आहे आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत, म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही. डेक्कनच्या आसपास राहणाऱ्यांना ते ओळखायला वेळ लागणार नाही.

टेस्टिंग मेनूत ग्राहकाने काही निवडायचे नसते. शेफने ठरवलेले पदार्थ, त्याने ठरवलेल्या क्रमाने, थोडे थोडे समोर येत राहतात. हे प्रकरण महागच असायला हवे अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे, पण तिला फारसा आधार नाही. ग्लासगो शहरात २०१७ साली सुरू झालेल्या ‘सिक्स बाय निको’ या रेस्तराँने दर सहा आठवड्यांनी नवा विषय आणि त्यावर बेतलेले सहा पदार्थ अशी पद्धत ठेवली, पहिलाच विषय तळलेले मासे आणि बटाट्याचे काप विकणाऱ्या तिकडच्या नाक्यावरच्या दुकानांचा घेतला, आणि दर आवाक्यात ठेवल्यामुळे ब्रिटनमधल्या अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. प्रभात रस्त्यावरचा हिशेबही त्याच धर्तीचा दिसतो. रोज संध्याकाळी दोनच पंगती, एक सातची आणि दुसरी सव्वानऊची, खुर्च्या अठ्ठावीस, पैसे आरक्षणाच्या वेळीच भरायचे. किती माणसे येणार आणि ती काय खाणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असल्यामुळे बाजार नेमका होतो, फ्रीजमध्ये माल पडून राहत नाही आणि शंभर पदार्थांच्या मेनूकार्डासाठी लागणारा आचाऱ्यांचा ताफा बाळगावा लागत नाही. त्यातून विषय मुंबईचा असल्यामुळे बटाटा, कुरमुरे, पाव, बोंबील असा मुळातच स्वस्त माल वापरला तरी तो विषयाला धरूनच वाटतो, कोणी त्याला काटकसर म्हणत नाही.

सोयीचा म्हणून घेतलेला हा विषय तितकाच अवघडही आहे, आणि मला येथे मुख्यतः त्या अडचणीबद्दल लिहायचे आहे. मुंबईचे बहुतेक प्रसिद्ध खाणे उभ्याने, कढईतून किंवा तव्यावरून थेट हातात घेऊन, पोटात भूक आणि डोक्यात लोकलची वेळ असताना खाण्याचे आहे. ते खुर्चीवर बसवून, चार घासांपुरते करून, सावकाश वाढले की त्यातले काही टिकते आणि काही टिकत नाही. कोणता पदार्थ टिकेल याचा विचार स्वयंपाकघराने किती केला आहे, यावरच अशा मेनूचे बरेवाईट ठरते.

क्रमाने वाढणे ही गोष्ट मात्र मुंबईला मुळीच परकी नाही. पारशी लग्नाच्या जेवणात केळीच्या पानावर आधी सारिया (तळलेल्या पापड्या) आणि लगननु अचार (लग्नातले गोडसर लोणचे), मग पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा), मग कोंबडी किंवा मटण आणि शेवटी पुलाव-डाळ असे एकेक येत जाते. दाऊदी बोहरांच्या एका थाळाभोवती आठ जण बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात होते आणि गोड व खारे आलटून पालटून पुढे येते. आपल्या पंगतीतही वरणभात, मसालेभात, जिलेबी-मठ्ठा हा क्रम कोणी मोडत नाही, आणि मोडलाच तर वाढप्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. इतकी घरची उदाहरणे हाताशी असताना या रेस्तराँने आपल्या छापील पत्रकात टेस्टिंग मेनूची ओळख पॅरिसपासून करून द्यावी, हे जरा गमतीचेच वाटले. असो.

माझ्याबरोबर आत्या होती. तिचे बालपण आणि नोकरीची सारी वर्षे गिरगावात गेली, पुण्यात ती निवृत्तीनंतर आली, आणि मुंबईच्या खाण्याबद्दल पुण्यात कोणी काही सांगू लागले की ती आधी शांतपणे ऐकून घेते व मग बोलते. अशा मेनूच्या परीक्षेला यापेक्षा कठोर परीक्षक मिळणे कठीण होते.

सुरुवातीला कटिंगच्या ग्लासात दोन घोट कोकम सरबत येते, ते सात पदार्थांत धरलेले नाही. पहिला पदार्थ भेळ. भेळेचे आयुष्य फार तर दोन-तीन मिनिटांचे असते. चटण्या कुरमुऱ्यांना लागल्या की घड्याळ सुरू होते आणि स्वयंपाकघरातून टेबलापर्यंतच्या वाटेतच ती मऊ पडते. येथे ही गोष्ट ओळखून भेळ टेबलाजवळच कालवतात. एक मुलगी ढकलगाडीवर पातेले आणि सात-आठ डबे घेऊन येते, कुरमुरे, शेव, उकडलेला बटाटा आणि कांदा एकत्र करते, कैरी तिथल्या तिथे अगदी बारीक चिरून घालते, चिंच-खजुराची आणि हिरवी चटणी टाकून मोठ्या डावाने पातेल्याच्या कडेवर खडखड आवाज करत हलवते आणि लगेच पुडीत भरून देते. कैरीचा आंबटपणा चटणीतल्या चिंचेच्या वर स्पष्ट लागत होता, आणि चमच्याऐवजी खोचलेली पुरी शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत होती. चार-पाच घासांची भेळ म्हणजे थट्टाच, असे आधी वाटले होते, पण पुढे सहा पदार्थ यायचे आहेत हे पाहता माप योग्य होते. पुडीचा कागद मात्र जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रासारखा दिसावा म्हणून खास छापून घेतलेला आहे. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच सांगितले आहे, त्यामुळे खरा कागद वापरता येत नाही हे मान्य. पण मग खोटा तरी कशासाठी? साधी पांढरी पुडी चालली असती.

दुसरा पदार्थ वडापाव, आणि येथे मेनू पहिल्यांदा घसरला. वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे सामान्यतः मानले जाते, आणि तो कोठेही जन्मला असला तरी त्याचे यश प्रमाणात आहे. पावाची जाडी, वड्यातल्या भाजीचा गोळा, वरचे बेसनाचे आवरण आणि लसणीची कोरडी चटणी यांचे ते प्रमाण हातात मावणाऱ्या आकारासाठी ठरलेले आहे. आकार लहान केला की ते सगळे बिघडते. वड्याचा व्यास निम्मा केला आणि पीठ तेवढेच दाट ठेवले, तर भाजीच्या मानाने आवरणाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. मग दाताखाली आधी तळलेले बेसन येते आणि बटाटा, आले, मिरची, मोहरी-हळदीची फोडणी यांचा पत्ता नंतर लागतो. आत्याने एक घास घेतला आणि म्हणाली, “हा वडा नाही रे, हे बटाट्याचं भजं आहे.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यात पाव म्हणून जो लहान गोल बन दिला होता, तो लोणी आणि दूध घालून भाजलेला, चकचकीत आणि गोडसर होता. लादीपावाला स्वतःची अशी चव फारशी नसते, तो किंचित चिवट असतो आणि तिखट-तेल शोषून घेण्याचे काम करतो. या बनला ते काम जमत नव्हते आणि त्याची गोडी चटणीच्या वाटेत येत होती. ती चटणी मात्र उत्तम होती. सुके खोबरे नीट भाजलेले, लसूण कच्चा न राहिलेला, तिखट जिभेवर रेंगाळणारे; सोबत कढईतला चुराही होता, जो दादरच्या कीर्ती महाविद्यालयाजवळच्या गाडीमुळे प्रसिद्ध झाला. उपाय सोपा आहे आणि तो स्वयंपाकघराला सुचला नसेल असे वाटत नाही: पूर्ण आकाराचा एक वडापाव लादीपावात करावा, सुरीने मधोमध कापावा आणि दोन माणसांत अर्धा अर्धा द्यावा. मिनिएचर दिसायला गोंडस असतात, फोटोतही चांगली येतात. एवढ्याचसाठी ती ठेवली असावीत.

तिसरा पदार्थ बोंबील, आणि केवळ त्याच्यासाठी हा मेनू घ्यावा असे मी म्हणेन. ताजा बोंबील हा अवघड मासा आहे. त्याच्या अंगात पाणी इतके असते की तसाच तव्यावर टाकला तर तो तळला जाण्याऐवजी शिजतो, आणि पिठाचे आवरण सुटून तव्याला चिकटते. म्हणून तो आधी उभा चिरून, मधला काटा काढून, उघडून सपाट करतात आणि फडक्यात ठेवून वर वजन ठेवतात. कोळी आणि पाठारे प्रभू घरांत यासाठी पाटा-वरवंट्याचा उपयोग होत असे. येथे काय वापरतात ते विचारल्यावर मुलीने “दोन ट्रे आणि वर डाळीचे डबे” असे सांगितले, ते ऐकून बरे वाटले. पानात आलेला बोंबील वीतभर लांब होता आणि तो एकच होता, तुकडे केलेले नव्हते. रवा आणि तांदळाच्या पिठाचे आवरण पातळ, कडेला थोडे जास्त तांबूस, काट्याने दाबल्यावर स्पष्ट तडकणारे. आतला मासा मात्र मऊसूत, जवळजवळ वितळणारा. मसाल्यात हळद, तिखट, मीठ आणि आगळ यांपलीकडे काही नव्हते आणि आणखी काही असण्याची गरजही नव्हती. सोबत कैरी घातलेली हिरवी चटणी होती, ती मी बाजूला ठेवली. आत्याने पान उचलून नीट पाहिले, “खाली पाणी सुटलेलं नाही, बराच वेळ दाबून ठेवले असणार,” म्हणाली, आणि नंतर तिने लिंबाची फोड न पिळता तो संपवला. तिच्याकडून एवढे प्रशस्तिपत्र पुष्कळ झाले.

चार घासांत संपणारा, तव्यावरून उतरल्यावर लगेच खावा लागणारा आणि एकाहून अधिक सहसा न मागवला जाणारा हा पदार्थ टेस्टिंग मेनूत चपखल बसतो, कारण त्याचे नैसर्गिक मापच तेवढे आहे. त्याला लहान करावे लागत नाही. शाकाहारी मेनूत त्याच्या जागी कच्च्या केळ्याचे काप येतात. तेही त्याच पिठात, त्याच तव्यावर, आणि शेजारच्या टेबलावरून आलेल्या उद्गारांवरून तेही जमलेले असावेत.

पावभाजीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लोणी भरपूर, भाजी मऊ, रंग बेताचा. पुण्यातल्या कोणत्याही बऱ्या ठिकाणी मिळते तशी. मोठ्या तव्यावर घोटलेल्या भाजीला कडेला किंचित करपल्याची जी चव येते ती अठ्ठावीस माणसांसाठी पातेल्यात केलेल्या भाजीला येणार नाही. या पदार्थाऐवजी दुसरे काहीही चालले असते, आणि काय चालले असते त्याकडे मी पुढे येतोच.

पाचवा पदार्थ म्हणून छोट्या काचेच्या पेल्यात काला खट्टाचा गोळा देतात, तोंड स्वच्छ करण्यासाठी. युरोपीय जेवणात मध्ये आंबट सरबताचा बर्फ देण्याची पद्धत आहे, तिच्या जागी गोळा ठेवण्याची कल्पना सरळ आणि नेमकी आहे. बर्फ बारीक खिसलेला होता, जांभळाचा रस खरा वाटत होता, आणि काळे मीठ व जिरेपूड इतकी बेताची होती की पुढच्या भातासाठी जीभ मोकळी झाली. चौपाटीवरचा गोळा चोखावा लागतो, हा चमच्याने खायचा होता. त्यात काही बिघडले नाही.

मुख्य पदार्थ बेरी पुलाव. मुंबईत या पुलावाचे नाव निघाले की बॅलार्ड इस्टेटमधल्या, १९२३ साली सुरू झालेल्या ‘ब्रिटानिया’चेच नाव पुढे येते, आणि २०१९ साली निवर्तलेले त्याचे मालक बोमन कोहिनूर टेबलाटेबलाशी जाऊन ग्राहकांशी कशा गप्पा मारत, हे तेथे जेवलेला प्रत्येक जण सांगतो. त्या पुलावातल्या बेरी म्हणजे इराणातून येणारी झरेश्क, लहान, तांबडी आणि सणसणीत आंबट. हा आंबटपणा दागिन्यासारखा वरून ठेवायचा नसतो, मटणाचा मसाला, तळलेला कांदा आणि तूप यांच्या जडपणाला तोच तोडतो. पुलाव टेस्टिंग मेनूत टिकेल अशी माझी अपेक्षा होती, कारण तो मोठ्या भांड्यातच चांगला होतो आणि कितीही लहान वाढला तरी त्याच्या चवीला धक्का लागत नाही. तसेच झाले. टेबलागणिक एक लहान पितळी हंडी आली, झाकण टेबलावर उघडले, तांदळाचा दाणा दाणा सुटा, मटण हाडाविना आणि मऊ, कांदा कुरकुरीत; हंडीतून दोघांना पोटभर होईल एवढा भात निघाला, जो या दरात अपेक्षित नव्हता.

बेरी मात्र झरेश्क नव्हत्या. त्या दुकानात मिळणाऱ्या सुक्या क्रॅनबेरी होत्या, साखरेत घोळलेल्या. दिसायला तशाच, चवीला गोड, म्हणजे जे काम करायचे त्याच्या नेमके उलट. विचारल्यावर मुलीने लपवाछपवी न करता सांगितले की खऱ्या बेरी या दरात परवडत नाहीत. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि मला ते पटते. चौदाशे रुपयांत सगळे अस्सल मिळावे असा हट्ट कोणी धरू नये. पण स्वस्तात करायचे तर बदली माल रंगावरून निवडण्याऐवजी चवीवरून निवडावा. अनारदाणा कोणत्याही मोठ्या वाण्याकडे मिळतो आणि तो आंबट असतो. सह्याद्रीची करवंदे याच दिवसांत पुण्याच्या रस्त्यावर पाटीत बसलेली असतात. थोडी कच्ची करवंदे चिरून, मीठ लावून वापरली असती तर पुलावाला मूळच्यासारखी धार आली असती आणि पुण्यात मुंबई मांडताना पुण्याचेही काहीतरी पानात आले असते. सोबतची लिंबू पिळलेली कांद्याची कोशिंबीर मी दोनदा मागून घेतली, कारण तो आंबटपणा तिच्यातून मिळवावा लागत होता.

शेवटी गोड. येथे एक छान निर्णय घेतला आहे: कस्टर्ड आणि इराणी हॉटेलातला चहा-बनमस्का हे दोन्ही एकत्र देतात आणि त्यांची सात पदार्थांत एकच गणना करतात. लगननु कस्टर्ड चौकोनी तुकड्यात, वर तपकिरी साय, आत जायफळ आणि वेलची, मधूनच दाताखाली चारोळी. दूध आटवायला वेळ दिलेला होता हे पहिल्याच चमच्यात कळले. ज्यांना अंडे चालत नाही त्यांना मातीच्या वाटीत फिरनी मिळते. बन थोडा कोरडा होता, पण मस्का खारट आणि जाड लावलेला होता, आणि तो चहात बुडवल्यावर वर जे तुपकट तवंग येतात ते आले. यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या इराणी झरतुश्ती कुटुंबांनी मुंबईच्या कोपऱ्यांवर जी हॉटेले काढली, त्यांपैकी १९०४ सालच्या ‘कयानी’सारखी थोडीच आता उरली आहेत, पुण्यातल्या कॅम्पात वाढलेल्यांना हा चहा-बन काही नवा नाही, त्यामुळे निदान या पदार्थाच्या बाबतीत पुणेकर ग्राहकाला फसवणे शक्य नव्हते, आणि रेस्तराँने तसा प्रयत्नही केला नाही.

वाढण्याबद्दल एक तक्रार आहे. प्रत्येक पदार्थ टेबलावर ठेवल्यावर त्याची गोष्ट सांगण्याची येथे पद्धत आहे. गोष्टी चुकीच्या नाहीत, सांगणारी मुले तयारी करून आलेली आहेत, पण त्या लांब आहेत आणि पदार्थ गरम असतानाच सांगितल्या जातात. गिरण्या, गोदी, लोकल, डबेवाले असे सगळे ऐकून होईपर्यंत वड्याची वाफ गेली. आत्याने बोंबलाच्या वेळी हात वर करून “बाळा, आधी खाऊ दे, मग निवांत सांग,” असे म्हटल्यावर मुलगा हसला आणि पुढच्या प्रत्येक पदार्थाला त्याने तेच केले. व्यवस्थापनाने हा नियमच करावा. भजी-वडे-मासळी यांच्या बाबतीत दोन मिनिटे म्हणजे फार वेळ असतो. एरवी वाढणारी मंडळी चटपटीत आणि नम्र होती, पाणी मागावे लागले नाही, आणि बिलात सेवाशुल्क लावलेले नव्हते. ते सक्तीने लावता येत नाही अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली, तरीही अनेक हॉटेलांत ते गुपचूप बिलात असते. त्यामुळे त्याचा अभाव नोंदवावासा वाटतो.

माझी मोठी तक्रार मेनूत काय आहे यापेक्षा त्यात कोणती मुंबई नाही याबद्दल आहे. चौपाटी आहे, दादर स्टेशन आहे, बॅलार्ड इस्टेट आहे, इराण्याचा कोपरा आहे; गिरणगाव नाही. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून एकेका खोलीत बायका खानावळी चालवत, पाळीवरून सुटलेले गिरणी कामगार महिन्याचे पैसे भरून तेथे जेवत, आणि कोकण-घाटावरून आलेल्या लाखो माणसांची मुंबईतली चव त्या खोल्यांत ठरली. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकांची कर्जे मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि खानावळींचा मुख्य ग्राहकच नाहीसा झाला. कथा सांगण्याची एवढी हौस असलेल्या रेस्तराँला याहून मोठी कथा कोठे मिळणार होती? आणि पदार्थ म्हणून विचार केला तर खानावळीचे जेवण टेस्टिंग मेनूला पावभाजीपेक्षा शतपटीने सोयीचे आहे. सुक्या जवळ्याची चटणी, काळ्या वाटाण्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि वर कांदा, शाकाहारींना जवळ्याऐवजी लसणीचे तिखट: माल स्वस्त, बसून खाण्याचा, लहान मापातही पूर्ण, आणि पातेल्यात केल्यामुळे बिघडण्याऐवजी सुधारणारा. त्याचप्रमाणे माटुंग्याच्या उडुपी भोजनगृहांचाही मेनूत मागमूस नाही, जेथे १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायकांच्या बोर्डिंगसारख्या ठिकाणी केळीच्या पानावर जेवायला आजही माणसे येतात. सात पदार्थांत सगळे शहर मावणार नाही हे खरे, पण सातांपैकी तीन पदार्थ पावाचेच असताना जागेची सबब सांगता येत नाही. आत्यालाही हेच खटकले होते, फक्त तिने ते एका वाक्यात सांगितले: “पाव फार झाला, भाकरी कुठाय?”

दराच्या मानाने पोट भरते का, हा प्रश्न अनेक जण विचारतील. आम्हा दोघांचे व्यवस्थित भरले, मात्र तरुण आणि भुकेल्या माणसाला भेळ-वड्यानंतर पुलाव येईपर्यंत जरा चुळबुळ होईल. जेवण पावणेदोन तास चालते. दारू मिळत नाही, तिच्याऐवजी ४५० रुपयांत जेवणाला पाच सरबतांची जोड घेता येते. आम्ही एकच मागवून वाटून घेतली. त्यातले आवळ्याचे आणि बोंबलाबरोबरचे सोलकढीचे पेय चांगले होते, बाकीच्यांत साखर अधिक होती. पाणी पीत बसलात तरी काही गमावणार नाही. जैन जेवण आदल्या दिवशी कळवल्यास मिळते. पायऱ्या चार आहेत आणि उताराची सोय नाही, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना अडचण होईल. शक्य असल्यास सातची पंगत घ्यावी, कारण सव्वानऊच्या लोकांना बसवण्याची घाई सुरू होण्याआधी चहा निवांत पिता येतो. गाडी लावायला मात्र त्या गल्लीत कोणत्याही वेळी जागा नसते, रिक्षाने गेलेले बरे.

हा मेनू ३१ मेपर्यंत आहे आणि जूनमध्ये ‘हैदराबाद’ सुरू होणार आहे. तारीख विचारपूर्वक ठरवलेली दिसते, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि ताजा बोंबील मिळणे कठीण होते. उन्हाळ्यात तसाही तो कमीच येतो; मध्यंतरी एका संध्याकाळी मुंबईहून मालच आला नाही आणि बोंबलाच्या जागी बांगडा वाढावा लागला, असे भेळ कालवणाऱ्या मुलीने सांगितले. तेव्हा बोंबलासाठी जाणार असाल तर दुपारी फोन करून तो आला आहे का हे विचारून घ्यावे, आणि आला नसेल तर तारीख बदलून मागावी. चोवीस तास आधी सांगितले नाही तरी या एका कारणासाठी ते बदलून देतात.